गहू बंद करण्याआधी: मुलाच्या पोटाच्या न उलगडणाऱ्या तक्रारीचं निदान कसं मिळवायचं

मुलाचं पोट वरचेवर बिघडायला लागलं की घरोघरी साधारण एकच क्रम चालतो. आधी जंताचं औषध, मग मेडिकलमधून आणलेलं ओळखीचं सिरप. कुणीतरी सांगतं म्हणून दूध बंद, आणखी कुणी सांगतं म्हणून गहूही बंद. मग सोनोग्राफी, आणि पोटविकारतज्ज्ञ सगळ्यात शेवटी. तोवर मुलाचं खाणं इतकं बदललेलं असतं आणि पोटात इतकी औषधं गेलेली असतात की तपासणीत जे सापडायला हवं तेच झाकलं जातं. रिपोर्ट नॉर्मल येतो, दुखणं तसंच राहतं.

दोन-चार दिवसांच्या जुलाब-उलट्यांसाठी हा लेख नाही. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त चाललेली किंवा पुन्हा पुन्हा उलटणारी तक्रार असेल तर वाचा. औषधांचे डोस इथे दिलेले नाहीत, ते तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्यायचे.

## टप्पा १: थांबायला वेळ आहे का, ते आधी बघा

पुढचे सगळे टप्पे सावकाशीने करायचे आहेत. पण खालीलपैकी काही दिसलं तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी, गरज पडली तर १०८ ला फोन करून, रुग्णालय गाठा:

- हिरवी, पित्ताची उलटी
- पोट फुगून टणक होणं, किंवा दुखण्यामुळे मुलाला सरळ चालता न येणं
- शीतून बरंच रक्त, किंवा डांबरासारखी काळी शी
- तान्हं बाळ थांबून थांबून कळवळून रडतंय, पाय पोटाशी घेतंय, मधल्या वेळात मलूल पडतंय
- आठ तासांत शू नाही, तोंड कोरडं, मूल सुस्त
- मुलग्याच्या ओटीपोटात एकाएकी जोराची कळ. अशा वेळी चड्डी काढून वृषणं सुजलीत का, हात लावल्यावर दुखतात का, हे बघाच. वृषणाला पीळ पडला असेल तर काही तासांचाच अवधी असतो, आणि लाजून मुलं 'पोट दुखतंय' एवढंच सांगतात.

दुसरी यादी त्याच दिवसाच्या धावपळीची नाही, पण 'बघू पुढच्या महिन्यात' असं म्हणण्यासारखीही नाही. वजन घटणं किंवा उंची अडणं, दुखण्याने रात्री झोपेतून उठणं, बारीक ताप रेंगाळणं, तोंडात वारंवार फोड, सांधेदुखी, गुदद्वाराजवळ चीर किंवा गळू, बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं, घरात कुणाला सीलिॲक (गव्हाने आतड्याला इजा होते तो आजार) किंवा आतड्याच्या दीर्घ सुजेचा आजार, घरात किंवा शेजारी टीबीचा रुग्ण. यातलं एक जरी असेल तरी आठवडाभरात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि पहिल्याच वाक्यात ते सांगा.

खात्री करा: काळी शी दिसली की आधी आठवा, लोहाचं सिरप चालू आहे का, कालपरवा जांभळं खाल्ली होती का. बिटाने शी लालसर होते. असं काही नसेल तर मात्र थांबू नका.

## टप्पा २: दोन आठवड्यांची वही

डॉक्टर विचारतात, 'किती दिवसांपासून?' आई म्हणते दोन महिने, बाबा म्हणतात सहा, आजी म्हणते लहानपणापासूनच. या तीन उत्तरांवर कुणीही निदान करू शकत नाही. साधी शंभर पानी वही घ्या आणि ती सगळ्यांच्या हाताशी येईल अशी, म्हणजे स्वयंपाकघरात ठेवा. मोबाइलवर नोंदी ठेवल्या तर त्या एकाच माणसाकडे राहतात. पाळणाघरातल्या ताई आणि आजी-आजोबाही लिहू शकले पाहिजेत.

एक नोंद नमुन्यादाखल:

*मंगळवार. सकाळी ६.१०, उठल्या उठल्या बेंबीजवळ दुखतंय म्हणाली. १५ मिनिटं. शी नाही, कालही नाही. दूध एक कप, पावडर घालून. ६.४० ची बस. डबा पोळी-बटाटा, अर्धा परत. दुपारी ४, चड्डीला थोडी पातळ शी, तिला कळलं नाही. संध्याकाळी खेळली, दुखलं नाही. रात्री ९.३०, मोठी, जाड शी, रडली. त्यानंतर पोट मऊ.*

अशी पाच-सहा पानं बघूनच अनुभवी डॉक्टर अर्धी दिशा पकडतात. वरच्या नोंदीत चड्डीला लागलेली पातळ शी जुलाबाची नसावी. आत खडा धरला की त्याच्या कडेने पातळ शी नकळत झिरपते. घरातले ती जुलाब समजून शी घट्ट करणारं औषध देतात आणि खडा आणखी घट्ट होतो. मुलांच्या पोटाच्या तक्रारींत सगळ्यात जास्त चुकणारी जागा हीच असावी, असं माझं मत आहे.

शी कशी होती हे लिहायला ब्रिस्टॉल तक्ता वापरा. त्यात १ ते ७ प्रकार आहेत: १ म्हणजे लेंड्यांसारखी सुटी खडी, ४ म्हणजे मऊ आणि सलग, ७ म्हणजे निव्वळ पाणी. तक्त्याचं चित्र वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. वेगळी दिसणारी शी असेल तर फोटो काढून ठेवा. किळस वाटेल, पण डॉक्टरांना वर्णनापेक्षा फोटोचा उपयोग जास्त होतो.

शाळेत शीला जाणं मूल टाळतंय का, हेही विचारा. सकाळी सहा-साडेसहाला बस पकडणारी ठाण्यातल्या घोडबंदर रोडची किंवा नवी मुंबईतल्या खारघरची मुलं घरी शीला बसायला वेळ नाही म्हणून रोखतात, आणि शाळेत संडास घाण म्हणून रोखतात. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पोटात जात असेल तर तेही लिहा. पाण्याचा टँकर येऊ लागला, सोसायटीची टाकी धुतली, त्याच आठवड्यात बिल्डिंगमधल्या आणखी मुलांची पोटं बिघडली, असं काही झालं असेल तर तारखेसह टिपा.

## टप्पा ३: तपासणी होईपर्यंत खाण्यातलं काहीही बंद करू नका

गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते तो सीलिॲक आजार. त्याची रक्ततपासणी शरीराने ग्लुटेनविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं मोजते. गहू पोटात जाणं थांबलं की ती हळूहळू कमी होतात आणि आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं. म्हणजे दोन-तीन महिने गहू बंद ठेवून तपासणी केली तर आजार असूनही रिपोर्ट 'नाही' म्हणू शकतो. मग घरी निष्कर्ष निघतो की सीलिॲक नाही, पोळ्या पुन्हा सुरू होतात आणि मूल पुन्हा खंगतं.

तपासणीआधी किमान सहा आठवडे, दिवसातल्या एकापेक्षा जास्त जेवणांत गव्हाचे पदार्थ असावेत, असं धोरण डॉक्टर पाळतात. गहू आधीच बंद केला असेल तर स्वतःहून सुरू करू नका. मुलाला गव्हाने फार त्रास होत असेल तर किती, कधी आणि कुणाच्या देखरेखीखाली द्यायचा, हे डॉक्टर ठरवतात.

आपल्याकडे गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. भाकरी खाणाऱ्या घरात आईला वाटतं मूल गहू खातच आहे, पण तपासून बघितलं तर पोळी रविवारीच होते. उलट, 'गहू पूर्ण बंद केलाय' म्हणणाऱ्या घरात मेतकूट-भात चालू असतो, आणि मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो. डब्यातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो, आणि जवातही ग्लुटेन असतं. रवा, शेवया, टोस्ट, खारी तर गव्हाचेच. ज्वारी गिरणीवर गव्हाच्या मागोमाग दळली तर त्या पिठातही गहू उतरतो. असं अर्धवट बंद ठेवून ना आराम पडतो, ना तपासणी नीट होते.

सावध: औषधांचंही हेच. मेडिकलमधून जुलाबाचं अँटिबायोटिक आणून दोन दिवस देऊन थांबू नका. शीच्या तपासणीआधी दिलेल्या अँटिबायोटिकने जंतू दबतो, पण जातोच असं नाही. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत मिळालेल्या गोळीने जिआर्डियाचाही (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) निकाल लागला, असं धरू नका. एका गोळीचा त्यावर भरवसा नाही. आणि जे काही दिलं असेल, त्याची रिकामी बाटली किंवा पाकिटाचा फोटो जपून ठेवा.

## टप्पा ४: पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची

थेट पोटविकारतज्ज्ञाकडे धावायची गरज क्वचितच असते. मोठ्यांच्या पोटविकारतज्ज्ञाकडे तर नकोच, मुलांचे आजार आणि मोजमापं वेगळी असतात.

सोबत न्या: वही, जन्मापासूनच्या लसीकरणाचं कार्ड, शाळेतल्या वजन-उंचीच्या नोंदी, आधीचे सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून. रिपोर्ट फोनमध्ये पीडीएफ असतील तर छापून न्या. ओपीडीत डॉक्टरांसमोर गॅलरी चाळत बसण्यात तपासणीचाच वेळ जातो.

या भेटीत तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत. नाही झाल्या तर नम्रपणे विचारा.

पहिली, वजन आणि उंची आलेखावर मांडली जाणं. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे आणि त्यापुढे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे आलेख वापरतात. नुसतं '१६ किलो' याला अर्थ नाही. वर्षभरापूर्वी रेषा कुठे होती आणि आज कुठे आहे, ते महत्त्वाचं. मूल रोज दुखतंय म्हणतं पण आलेखावर छान चढतंय, आणि मूल कधीच तक्रार करत नाही पण दीड वर्षात उंची वाढलेली नाही, या दोघांत दुसऱ्याची काळजी जास्त करावी.

दुसरी, पोट हाताने चाचपून बघणं. डाव्या बाजूला खडा हाताला लागतो, त्यासाठी मशीन लागत नाही.

तिसरी, गुदद्वाराची बाहेरून पाहणी. संकोचापायी आई-वडील आणि घाईत डॉक्टरही हे टाळतात. चीर, गळू, कोंब तिथेच दिसतात.

बाळाची पहिली काळी शी जन्मानंतर ४८ तासांत झाली होती का, हेही डॉक्टरांना सांगा. जन्मापासून खडा असणाऱ्या मुलात या एका माहितीवरून आतड्यातल्या मज्जातंतूंच्या जन्मजात दोषाचा संशय घेता येतो.

## टप्पा ५: तपासण्या, याच क्रमाने

सुरुवात साध्या तपासण्यांनी होते: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर किंवा सीआरपी (अंगात सूज आहे का ते दाखवणाऱ्या), फेरिटिन (लोहाचा साठा), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि यकृताच्या चाचण्या, शूची तपासणी, शीची तपासणी. खडा हट्टी असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची चाचणी. सोबत सीलिॲकसाठी टीटीजी आयजीए (टप्पा ३ मधली प्रतिपिंडांची तपासणी) आणि एकूण आयजीए (त्या प्रकारची प्रतिपिंडं रक्तात एकूण किती आहेत ते). ही दोन्ही एकत्र हवीत. काही मुलांच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं, त्यांचं टीटीजी आजार असूनही नॉर्मल येतं. लॅबच्या पावतीवर दोन्ही नावं आहेत का, ते रक्त काढायच्या आधी वाचा.

शूची तपासणी 'पोटाचा काय संबंध' म्हणून सोडू नका. लहान मुलांत मूत्रमार्गाचा संसर्ग पोटदुखी म्हणूनच दिसतो.

शीचा नमुना. हा सर्वाधिक वाया जाणारा नमुना. डबी लॅबमधून आधीच आणून ठेवा. शी कमोडमधून उचलायची नाही, शू किंवा पाणी मिसळलेली चालत नाही. लहान मुलाला स्वच्छ भांड्यात बसवा. डायपर असेल तर उलटा, प्लास्टिकची बाजू आत करून लावा, नाहीतर पाणी त्यात शोषलं जातं. रक्त किंवा चिकट आव असलेला भाग डबीत यायलाच हवा. नमुना तास-दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. त्यामुळे संध्याकाळी सातला झालेली शी सकाळी घरी येणाऱ्या माणसाच्या हाती देण्यात अर्थ नाही, जवळची लॅब गाठा. जिआर्डियाचा संशय असेल तर वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागतात, कारण तो रोज सापडत नाही. एक नमुना स्वच्छ आला म्हणजे सुटलो, असं नाही.

आतड्याला सूज आहे का हे बघायला शीतलं कॅल्प्रोटेक्टिन मोजतात. उपयोगी चाचणी आहे, पण चार वर्षांखालच्या मुलांत ते एरवीही जास्त असतं, आणि नुकताच जुलाब झाला असेल किंवा आयब्युप्रोफेन (ताप-दुखण्याचं औषध) दिलं असेल तरी वाढतं. आकडा लाल अक्षरांत दिसला म्हणून रात्रभर इंटरनेटवर क्रोन्स (आतड्याच्या दीर्घ सुजेचा एक आजार) वाचत बसू नका.

सोनोग्राफी. हिची घाई सगळ्यांनाच असते. रिपोर्टमध्ये 'मेसेंटेरिक लिम्फ नोड्स' लिहून आलं की घरात टीबीची कुजबुज सुरू होते. पोटातल्या अशा छोट्या गाठी धडधाकट मुलांतही नेहमी दिसतात, आणि साध्या विषाणूच्या तापानंतर तर हमखास. निव्वळ या ओळीवर टीबीची औषधं सुरू करायची नसतात. वजन घटणं, ताप, टीबीच्या रुग्णाशी संपर्क आणि इतर पुरावा जुळला तर गोष्ट वेगळी. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे आपल्याकडे डॉक्टरांना दोन्हींचा विचार करावाच लागतो.

या तपासण्यांवर पैसे घालवू नका: दोनशे पदार्थांचं आयजीजी 'फूड इन्टॉलरन्स' पॅनल. आयजीजी हा प्रतिपिंडांचाच दुसरा प्रकार, तो दिसतो म्हणजे तो पदार्थ मुलाने खाल्लेला आहे, इतकंच. केसांची तपासणीही तशीच. एच. पायलोरीसाठी (जठरातला एक जंतू) रक्तातली प्रतिपिंडं मोजून मुलांत निदान होत नाही. त्यासाठी शीतलं अँटिजेन, श्वासाची चाचणी किंवा बायोप्सी (दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याची तपासणी) लागते, आणि त्याआधी ॲसिडिटीची औषधं दोन आठवडे, अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागतात. बंद कधी करायची, ते डॉक्टरांना विचारून.

## टप्पा ६: एका वेळी एकच बदल, आणि त्याला शेवटची तारीख

रक्ताचे नमुने देऊन झाले, रिपोर्ट आले, आता खाण्यातले प्रयोग डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येतात. दूध बंद करून बघायचं असेल तर दोन ते चार आठवडे, तेवढ्यात दुसरं काही बदलायचं नाही, आणि मुदत संपली की दूध परत देऊन बघायचं. हे शेवटचं पाऊल जवळपास कुणीच टाकत नाही. बरं वाटलं म्हणून दूध वर्षानुवर्षं बंद राहतं, आणि खरं तर त्या पंधरवड्यात शाळेला सुट्टी होती म्हणून बरं वाटलेलं असतं.

जुलाबानंतर काही आठवडे दूध न पचणं ही तात्पुरती गोष्ट असते, आणि अशा मुलांना दही-ताक बरेचदा चालतं. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी मात्र वेगळी, ती बहुतेक तान्हेपणी दिसते. तिच्यात गाईऐवजी म्हशीचं किंवा शेळीचं दूध देणं हा उपाय नाही, प्रथिनं जवळजवळ सारखीच असतात. बाळ अंगावर पीत असेल तर स्तनपान थांबवायचं नाही. आईच्या ताटातून दूधदुभतं काढायचं का, ते डॉक्टर सांगतील. तीव्र ॲलर्जी असेल तर पदार्थ परत देण्याचा प्रयोग घरी करायचा नाही.

एक ते पाच वर्षांचं मूल, दिवसातून चार-पाच वेळा पातळ शी, त्यात गाजराचे-मटाराचे तुकडे जसेच्या तसे, पण मूल हसतंखेळतं आणि वजन उत्तम: इथे आधी पॅकबंद ज्यूस थांबवून बघतात. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

खड्याच्या उपचारात घाई नडते. आत साचलेलं आधी मोकळं करायचं आणि मग मऊ शीचं औषध कित्येक महिने चालू ठेवायचं असतं. शी रोज व्हायला लागली की पालक आठवड्यात औषध थांबवतात, 'सवय लागेल' म्हणून. महिन्याभरात पुन्हा तेच. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा, कमोड असेल तर पायाखाली पाट द्या.

## टप्पा ७: तज्ज्ञ कुठे आणि एंडोस्कोपी कशी

टप्पा १ मधल्या दुसऱ्या यादीतली लक्षणं, वाढलेलं टीटीजी, वाढलेलं कॅल्प्रोटेक्टिन, किंवा नीट उपचार करूनही दोन-तीन महिन्यांत फरक नाही: आता मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे जायचं. चिठ्ठी बालरोगतज्ज्ञांकडून घ्या.

सुरुवातीच्या तपासण्यांसाठी ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईकरांना वाशी, ऐरोली, नेरूळची महापालिका रुग्णालयं आणि नेरूळचं डी. वाय. पाटील रुग्णालय जवळ पडतात. मुलांच्या पोटविकारांची खास सोय परळच्या वाडिया रुग्णालयात आहे. ठाण्याहून धिमी लोकल थेट परळला जाते. कोणत्याही सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात विशेष ओपीडी ठरावीक वारीच असते, म्हणून आधी फोन करून वार आणि केसपेपरची वेळ विचारा. महात्मा फुले योजनेवर (राज्य सरकारची आरोग्य योजना) विसंबून जाणार असाल तर ती मुख्यतः भरती होऊन केलेल्या ठरावीक उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या तपासण्यांसाठी नाही, हे धरून पैशांची तयारी ठेवा.

टीटीजी वाढलेलं आलं की घरी लगेच गहू बंद होतो. थांबा. एंडोस्कोपीची (तोंडातून दुर्बीण घालून आतडं बघण्याची) तारीख तीन आठवड्यांनी असेल तर तोपर्यंत पोळी चालूच राहायला हवी. काही मुलांत आकडा फारच जास्त असेल तर तज्ज्ञ दुसऱ्या रक्ततपासणीवर बायोप्सीशिवायही निर्णय घेतात, पण तो निर्णय त्यांचा.

एंडोस्कोपी लहान मुलात भूल देऊन करतात. उपाशी किती तास ठेवायचं, ते लेखी घ्या. पनवेल-कल्याणहून येणार असाल तर सकाळची पहिली वेळ मागा, नाहीतर उपाशी मूल लोकलमध्ये आणि मग रांगेत रडत राहतं. 'वाटेत एक बिस्किट' दिलं तर तारीख रद्द होते.

आधी विचारून ठेवा: आतून सगळं नॉर्मल दिसलं तरी बायोप्सी घेणार ना? सीलिॲकमध्ये डोळ्यांना अस्तर ठीक दिसू शकतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून एक-दोन आणि त्यापुढच्या भागातून किमान चार तुकडे घेणं अपेक्षित असतं. रिपोर्टवर किती आणि कुठून, हे लिहिलेलं असायला हवं.

## टप्पा ८: निकाल हातात आल्यावर

'सगळं नॉर्मल आहे' याचा अर्थ मूल नाटक करतंय असा लावू नका. बेंबीभोवती दुखणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांत आतड्याच्या जाणिवा जास्त तीव्र असतात. दुखणं खरं असतं, जखम नसते. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं असेल तर ते निदानच आहे. त्यानंतर दर दोन महिन्यांनी नवी सोनोग्राफी करू नका, शाळा बुडवू नका, आणि 'आज दुखतंय का?' हे रोज विचारणं थांबवा. टप्पा १ मधलं काही नव्याने दिसलं तरच फाइल पुन्हा उघडायची.

सीलिॲक ठरला तर गहू आणि जव आयुष्यभर बंद, 'थोडंसं चालतं' असं काही नसतं. भाकरी, भात, नाचणी, वरी, साबुदाणा आपल्या स्वयंपाकात मुबलक आहे, अडचण येते ती हिंग, भाजणी आणि गिरणीची. घरगुती छोटी गिरणी किंवा त्या मुलापुरतं मिक्सरवरचं पीठ, आणि भाकरीसाठी वेगळा तवा-परात. सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा करतात. तो उतरत नसेल तर कुठून तरी गहू पोटात जातोय, आणि बहुतेक वेळा तो शाळेतल्या डब्याच्या अदलाबदलीत सापडतो. सख्ख्या भावंडांची आणि आई-वडिलांचीही टीटीजी तपासणी करून घ्या, तक्रार नसली तरी. आणि त्यांचे नमुने दिले जाईपर्यंत घरातल्या इतरांची पोळी बंद करू नका.